फॉरवर्ड आला की आधी कात्री शोधा

प्रचाराचा मजकूर सगळाच खोटा असता तर पकडणं सोपं होतं. पुष्कळदा तो खरा असतो, फक्त अर्धा. म्हणून मी हल्ली एकच विचारते: यातलं काय कापलंय?

2018 मध्ये देशभर फिरलेला एक व्हिडिओ घ्या. गल्लीत मुलं खेळतायत. मोटरसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. सोबत मजकूर असायचा, पोरं पळवणारी टोळी आपल्या भागात आलीय. चित्रण होतं पाकिस्तानातल्या कराचीचं. मुलांच्या सुरक्षिततेसाठी तिथल्या एका संस्थेनं केलेली ती जाहिरात. मूळ फितीत ते दोघे लगेच परत येतात, मूल खाली सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. एवढा शेवटच कुणीतरी उडवला होता. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेपायी जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. ते सोलापूरकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते. गावाचा त्या दिवशी आठवडी बाजार होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

तर असा काही मजकूर आला की काय करायचं?

१. अंगठा आवरा. वाचताना राग आला, धडकी भरली, की समजा मजकुरानं काम सुरू केलंय. चहाचं आधण ठेवा. तेवढा वेळ पुरतो.

२. विशेषणं खोडा. अगदी कागद-पेन्सिल घेऊन. नमुना असा: "सावधान! परप्रांतीय क्रूर टोळी आपल्या निष्पाप लेकरांवर टपून बसलीय. प्रशासन झोपलंय. सगळे पाठवतायत, तुम्हीही पाठवा!" यातली 'परप्रांतीय', 'क्रूर', 'निष्पाप' ही विशेषणं आणि 'झोपलंय'सारखे शेरे काढा. उरतं काय? एक टोळी. कुठली, कुठे, कधी, कुणी पाहिली, काही नाही. 1937 मध्ये न्यूयॉर्कला प्रचाराचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली होती. तिनं प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी केली. समोरच्याला वाईट नाव चिकटवणं आणि 'सगळे करतायत, तुम्हीही या' ह्या दोन्ही तीत होत्या. आपल्या चार ओळींत दोन्ही बसल्यात बघा.

३. सांगणारा कोण, ते विचारा. ऑक्टोबर 1990 मध्ये नायिरा नावाच्या 15 वर्षांच्या मुलीनं वॉशिंग्टनमध्ये रडत साक्ष दिली, की इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात तान्ह्या बाळांना काचपेटीतून काढून जमिनीवर मरायला टाकलं. इराकविरुद्धच्या युद्धाच्या बाजूनं बोलताना अमेरिकी नेत्यांनी ही गोष्ट वारंवार सांगितली. युद्ध संपल्यावर, 1992 मध्ये, कळलं की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांचीच मुलगी होती आणि साक्षीची तयारी एका जनसंपर्क कंपनीनं करून घेतली होती. काचपेट्यांच्या कहाणीला पुरावा मिळाला नाही. इराकनं कुवेत बळकावलं होतं, हे मात्र खरंच होतं. खऱ्याच्या कडेवर बसूनच खोटं घरात येतं.

४. मूळ शोधा. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्सवर, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगलच्या सोयीवर, टाका. गाडीची नंबरप्लेट, दुकानांच्या पाट्यांची लिपी बघा. कराचीच्या गल्लीत मराठी पाटी कुठून येणार?

५. आता हेच आवडत्या मजकुराला लावा. इथे माझीही गाडी अडते. आपल्याला पटणाऱ्या फॉरवर्डची विशेषणं खोडायला हात धजत नाही.

राहिलं उत्तर देणं. नातेवाइकांच्या ग्रुपवर चारचौघांत चूक दाखवली की माणूस आणखी हट्टाला पेटतो. आमच्याकडे एका दिवाळीला त्यावरून अबोला झाला होता. तेव्हापासून मी वेगळा मेसेज करते: "काका, तो व्हिडिओ अर्धाच आलाय. पूर्ण पाठवतेय, शेवट बघा ना. आणि काकूंचा गुडघा कसा आहे?"