केझिकमध्ये वसंतातला आठवडा: बेत कसा आखावा

इंग्लंडमधल्या तळ्या-डोंगरांच्या लेक डिस्ट्रिक्टला जाणारी आपली बरीच मंडळी लंडनहून येतात, विंडरमिअर तळ्यावर बोटीत फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी एडिंबरा गाठतात. त्यापेक्षा आठवडाभर एकाच गावी मुक्काम ठोका. उत्तरेकडचं केझिक त्यासाठी उत्तम. डोंगरांच्या मधोमध वसलेलं बाजाराचं गाव, आणि डरवेंटवॉटर तळं चौकापासून चालत दहा मिनिटांवर. घर आणि रेल्वे आधी पक्की करायची, मधले दिवस मोकळे सोडायचे.

आठवडा ठरवा. ईस्टरची शाळांची सुट्टी, मे महिन्यातले पहिला आणि शेवटचा सोमवार आणि मेअखेरची शाळांची सुट्टी टाळा. तेव्हा भाडी चढतात, गाडी लावायला जागा मिळत नाही. ईस्टरची गर्दी ओसरली असेल, तर मी एप्रिलअखेर निवडेन. डॅफोडिल सरत आलेले असतात, पण रानात ब्लूबेल उमलू लागतात आणि उजेड रात्री साडेआठपर्यंत टिकतो. कुरणांत हर्डविक मेंढ्यांची कोकरं दिसतील. जन्मतः काळी असतात, वयाबरोबर करडी होत जातात.

व्हिसा. भारतातून जाणाऱ्यांना अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण तीन आठवडे धरा, म्हणून ऐनवेळची घाई नको.

घर घ्या. इथली बरीच कॉटेजेस शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात, म्हणून विमानाच्या आधी घराचे वार बघा. स्वयंपाकघर असलेलंच घ्या. शाकाहारी पदार्थ पबमध्ये मिळतात, पण आठवडाभर रोज तेच खाववत नाही. शिवाय जेवण देणं रात्री लवकर थांबतं.

पोहोचा. लंडनच्या यूस्टन स्थानकातून केझिकजवळच्या पेनरिथला थेट गाड्या आहेत. साधारण तीन तास. केझिकची रेल्वे १९७२ साली बंद झाली, त्यामुळे पुढे एक्स ४ किंवा एक्स ५ बस. रेल्वेची तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात.

आता दिवस, पण वारांशिवाय. 'सोमवारी डोंगर, मंगळवारी म्युझियम' असं लिहू नका, कारण पाऊस तुमचा कागद वाचत नाही. बॉरोडेल खोऱ्यातलं सीथवेट इंग्लंडमधल्या सर्वाधिक पावसाच्या वस्त्यांपैकी एक, आणि ते इथून जवळच आहे. दोन याद्या करा, कोरड्या दिवसाची आणि ओल्या. रोज संध्याकाळी लेक डिस्ट्रिक्टचा 'वेदरलाइन' हा डोंगरमाथ्यांचा अंदाज पाहून उद्याचं ठरवा.

कोरड्या यादीत पहिलं नाव कॅटबेल्स हा डोंगर, उंची ४५१ मीटर. तळ्याभोवती फिरणाऱ्या लाँचने हॉज एंडच्या धक्क्यावर उतरा आणि तिथून चढा. सिंहगड पायी चढणाऱ्याला चढ जड जाणार नाही, मात्र वाटेत खडकाळ टप्पे आहेत, तिथे हातही लावावे लागतात. दक्षिणेकडून उतरून हाय ब्रँडलहाऊच्या धक्क्यावर परतीची लाँच पकडा. शेवटची लाँच किती वाजता, हे सकाळीच विचारून ठेवा. एप्रिलमध्ये माथ्यावर वारा बोचतो, म्हणून पाणी न शिरणारं जाकीट आणि बूट हवेतच. दऱ्यांत फोनला रेंज नसते, तेव्हा ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल ४ नकाशा सोबत असू द्या. कॅसलरिगचं सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं शिलावर्तुळ संध्याकाळी पाहा, तिकीट नाही.

ओल्या यादीत पेन्सिल म्युझियम. ऐकायला बाळबोध वाटतं, पण बॉरोडेलमधल्या ग्राफाइटवरच इथला पेन्सिलधंदा उभा राहिला, आणि दुसऱ्या महायुद्धात पोटात नकाशा दडवलेल्या पेन्सिली इथे बनल्या. शिवाय ५५५ नंबरच्या बसने ग्रासमिअरला जाऊन कवी वर्ड्सवर्थचं डव्ह कॉटेज पाहता येतं. खिडकीतून दिसणारा रस्ता भर पावसातही सुंदर आहे.

वार फक्त बाजाराचे पाळा: गुरुवार आणि शनिवार, मेन स्ट्रीटवर, १८१३ सालच्या मूट हॉलभोवती. शनिवारी निघणार असाल तर चावी बहुधा सकाळी दहालाच द्यावी लागते. म्हणून परतीची गाडी दुपारची काढा, म्हणजे बाजारात चीज-पाव घेऊन मग पेनरिथची बस पकडता येईल.