घोडीला गाय समजू नका: शिंगराच्या चिकाबाबत या चुका टाळा

आपल्याकडे गाय व्याली की निम्म्या आळीला आधी खरवस आठवतो. त्यामुळे चिकातलं आपल्याला सगळं कळतं असं प्रत्येकालाच वाटतं आणि घोडी व्याली की गायीचं सगळं शहाणपण तिच्या माथी मारलं जातं. नागावपासून मुरूडपर्यंत किनाऱ्यावर घोडे फिरवणाऱ्यांत मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता कुणी गोठ्यातला सल्ला द्यायला लागला की मी विडी पेटवून बाहेर जातो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे वार, म्हणजे गर्भाचं वेष्टन, पडेपर्यंत शिंगराला सडाला तोंड लावू न देणं. का, तर म्हणे चीक ‘जड’ असतो. अरे, घोडीच्या वारेतून पिल्लाला रोगाशी लढणारी द्रव्यं मिळतच नाहीत. शिंगरू जन्मतं ते त्या बाबतीत नागडंच. जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही आतडं ते शोषून घेतंय तोवरच. पहिले सहा-आठ तास सोन्याचे. मग दार बंद होत जातं आणि 24 तासांनी कितीही पाजा, त्या कामाचा उपयोग शून्य. शिवाय शिंगरू प्यायला लागलं की घोडीला पान्हा फुटतो आणि त्याच ओघात गर्भाशय आवळून वार सुटायला मदत होते. म्हणजे वारेसाठी शिंगराला थांबवणारा दोन्हीकडून मार खातो.

माझा हिशेब एक, दोन, तीन. एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत पीत असलेलं, तीन तासांत वार बाहेर. यातलं एकही चुकलं की डॉक्टरांना फोन, मग रात्रीचे अडीच का वाजले असेनात. गायीची वार बारा तास अडकली तरी लोक निवांत असतात, पण घोडीला तेवढ्यात विष भिनतं आणि खुरांना आतून सूज येऊन ती पाय धरते. लोंबणारी वार ओढायची नाही. तिला दगड बांधणाऱ्याशी मी बोलत नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची. व्यायच्या एक-दोन दिवस आधी सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब धरतात, ते ठीक. पण माझ्या एका घोडीच्या मागच्या मांड्या दोन दिवस दुधाने भिजलेल्या होत्या, धार सुटावी तशी गळती. आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होतो, बघा, केवढं दूध! जूनचा पाऊस, मध्यरात्री व्याली, शिंगरू चाळिसाव्या मिनिटाला उभं राहून ढसाढसा प्यायलं. मी खुशीत झोपलो. तिसऱ्या दिवशी त्याला ताप, मागच्या पायाचा सांधा नारळाएवढा. डॉक्टरांनी आल्या आल्या एकच विचारलं, “व्यायच्या आधी गळत होती का?” चीक गोठ्याच्या जमिनीने प्यायला होता, शिंगराने प्यायलं ते नुसतं दूध. आता शिरेतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, चढवणं एवढंच हातात होतं. पावसाळ्यामुळे मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँच बंद, रस्त्याने वडखळला तुंबलेली गर्दी. पाचव्या दिवशी गेलं.

तेव्हापासून घोडी आधीच गळायला लागली की मी हात धुऊन, स्वच्छ भांड्यात तो चीक काढून ठेवतो, आणि त्याच दिवशी दुसऱ्या घोडीच्या चिकाची सोय बघतो. शिंगरू 18 ते 24 तासांचं झालं की त्याचं रक्त तपासायला देतो. आयजीजी, म्हणजे चिकातून रक्तात आलेली ती रोगाशी लढणारी द्रव्यं, 800 मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर हवं, 400 च्या खाली म्हणजे चीक पोचलाच नाही. “पितंय ना, मग कशाला खर्च?” असं म्हणणाऱ्यांना मी वरची गोष्ट सांगतो.

चीक चांगला की वाईट हे रंगावरून ओळखणारे खूप. घट्ट, चिकट, पिवळसर असावा हे खरं, पण डोळे फसतात. आंबेवाले हापूसची गोडी बघायला ब्रिक्स मीटर वापरतात ना, तोच मी शेजारून मागून आणतो. पहिल्या धारेचा एक थेंब त्यावर. आकडा 20 च्या वर गेला की मी चहा प्यायला मोकळा, 15 च्या खाली असला की धावाधाव.

चीक साठवायचा तर चांगल्या घोडीचा, तिचं शिंगरू पोटभर प्यायल्यावर, फक्त पाव लिटर. उणे 20 अंशांवर वर्षभर टिकतो, वीज टिकली तर. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं आणि माझ्या सगळ्या पिशव्या फ्रीजरमध्येच आंबल्या. आता दोन पिशव्या पेणला एका ओळखीच्याकडे असतात. वितळवायचा कोमट पाण्यात. मायक्रोवेव्हमध्ये घालणाऱ्या बंगलेवाल्यांनी खुशाल घालावा, चिकाऐवजी ऑम्लेट पाजल्याचं समाधान मिळेल.

बांबूच्या नळकांड्याने घशात ओतू नका, फुप्फुसात जातं. चोखत नसेल तर डॉक्टर नाकातून नळी घालतात, त्यांनाच घालू द्या.

गायीचा चीक काहीच नसेल तेव्हाचा. त्याचा आधार फार दिवस पुरत नाही.

दुधाची पावडर म्हणजे चीक नव्हे.

धनुर्वाताची लस घोडीला व्यायच्या महिनाभर आधी. लसीने तयार होणारी द्रव्यं चिकात उतरायला वेळ लागतो.

पहिली काळी, चिकट लीद पहिल्या दिवसात पडायलाच हवी. शिंगरू शेपटी उचलून कुंथत राहिलं तर घरगुती काढे देऊ नका.

आणि एक अपवाद. ज्या घोडीचं आधीचं शिंगरू चीक पिऊन दोन-तीन दिवसांत पिवळं पडलं होतं, तिच्या पुढच्या शिंगराला तिचाच चीक देऊ नका. तिच्या चिकातली द्रव्यं शिंगराचं रक्त फोडतात. शिंगराच्या तोंडाला मुसकी बांधून दुसऱ्या घोडीचा चीक पाजायचा, आणि मुसकी कधी सोडायची ते डॉक्टरांना विचारून. घोडी विकत घेताना आधीच्या शिंगराचं काय झालं हे कुणी विचारत नाही. सगळे दात बघतात.