इन्क्वायरीचं उत्तर: परचेसच्या तक्त्यात बसेल असं

भोसरी, चाकण, सातपूर, गोकुळ शिरगाव, एमआयडीसी कुठलीही असो, छोट्या मशिन शॉपमध्ये मार्केटिंगला नव्याने लागलेल्याच्या हाती पहिल्या आठवड्यातच अशी इन्क्वायरीची, म्हणजे रेट विचारणारी, मेल येते: ‘सोबतच्या ड्रॉइंगप्रमाणे शाफ्ट, ईएन8, 500 नग. रेट कळवा.’ (ईएन8 हा पोलादाचा एक प्रकार.) त्यावर हमखास जाणारं उत्तर असं: ‘340 रुपये प्रति नग. जीएसटी एक्स्ट्रा. ऑर्डर द्यावी ही विनंती.’ यात खोटं काही नाही, उद्धटही काही नाही. पण समोरच्याला याचा उपयोग नाही.

परचेसवाला, म्हणजे कंपनीच्या खरेदी खात्यातला माणूस, सहसा तीन ठिकाणांहून कोटेशन मागवतो आणि त्यांचा तुलनात्मक तक्ता करतो. कारखान्यात त्याला ‘कम्पॅरेटिव्ह’ म्हणतात. रकाने ठरलेले: बेसिक रेट, कर, पॅकिंग-फॉरवर्डिंग, भाडं, टूलिंग (फिक्श्चरसारख्या साधनांचा खर्च), डिलिव्हरी, पेमेंट, व्हॅलिडिटी (रेट कधीपर्यंत लागू). वरच्या उत्तरातून आठपैकी दीड रकाना भरतो. उरलेल्यांसाठी तो फोन करेल हे गृहीत धरू नका. बाकी दोघांचे रकाने भरलेले असतील तर तो तुम्हाला वगळूनच साहेबांची सही घेतो. म्हणून कोटेशन लिहिताना हा तक्ता डोळ्यांसमोर ठेवावा.

कोटेशन बनवायला दोन दिवस लागणार असले तरी पोच त्याच दिवशी जाऊ द्या. दोन ओळी पुरतात: मेल मिळाली, कोटेशन गुरुवारी दुपारपर्यंत पाठवतो. तारीख आणि वेळ घालायचीच. ‘लवकरात लवकर’ याला परचेसमध्ये काही अर्थ नसतो. शंका असतील त्या याच मेलमध्ये, एकदम, क्रमांक घालून विचारा. सोमवारी एक, मंगळवारी एक असं करत गेलात की माणूस वैतागतो, आणि रास्तच वैतागतो. शाफ्टच्या बाबतीत विचारायच्या गोष्टी साधारण ठरलेल्या: ड्रॉइंगचं शेवटचं रिव्हिजन हेच का, 500 नग एकदाच की दरमहा, हार्डनिंग (उष्णता देऊन कठीण करणं) आणि प्लेटिंग कुणाकडे, मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट हवं का, बिल कुणाच्या नावे आणि माल कुठे उतरवायचा. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्याच कंपनीचा दुसरा प्लान्ट गुजरातेत किंवा कर्नाटकात असतो आणि त्याचा जीएसटी क्रमांक वेगळा असतो. क्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहा: 27 म्हणजे महाराष्ट्र, 24 गुजरात, 29 कर्नाटक, 30 गोवा. राज्यातल्या राज्यात सीजीएसटी (केंद्राचा वाटा) 9 आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) 9 टक्के, राज्याबाहेर आयजीएसटी 18 टक्के. एकूण तेवढंच, पण बिल चुकीच्या मथळ्याखाली निघालं तर दुरुस्तीत पेमेंट अडकतं.

ड्रॉइंगवर काही मापांना टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल ते, दिलेलं नसतं. तिथे तुम्ही काय धरलंत ते कोटेशनमध्ये लिहा: ‘टॉलरन्स न दिलेल्या मापांसाठी आयएसओ 2768 मीडियम धरलं आहे.’ (हे अशा मापांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक.) ही ओळ नसली तर माल रिजेक्ट झाल्यावर भांडायला हातात काहीच उरत नाही.

आता रेट. व्हॅलिडिटी का घालायची हे कळण्यासाठी हिशोब एकदा स्वतः करून पाहावा. गोल बारचं वजन काढायचं शॉपमधलं सूत्र सोपं आहे: व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे मीटरमागे किलो. 40 मिमी बारचे 1600 भागिले 162, म्हणजे 9.88 किलो. कटिंग धरून एका शाफ्टला 320 मिमी लागले तर नगामागे 3.16 किलो. बार किलोमागे फक्त 2 रुपयांनी वाढला तरी नगामागे 6 रुपये 32 पैसे आणि 500 नगांवर 3,160 रुपये तुमच्या खिशातून जातात. रेटखाली व्हॅलिडिटी लिहिलेली नसेल तर तीन महिन्यांनी त्याच रेटची पीओ (परचेस ऑर्डर) येते आणि ‘तुमचंच कोटेशन आहे’ हे उत्तर ऐकावं लागतं. स्टीलच्या मालाला 15 दिवस, फार तर 30. त्यातही ‘15 दिवस’ न लिहिता शेवटची तारीख लिहा.

त्या शाफ्टचा मजकूर मग असा होईल:

‘संदर्भ: आपली 3 तारखेची मेल, ड्रॉइंग रिव्हिजन 2. शाफ्ट, ईएन8, टर्निंग व ग्राइंडिंगसह: 340 रुपये प्रति नग, 500 नगांच्या एका लॉटसाठी. 250 नगांसाठी 362 रुपये. एचएसएन 8483, जीएसटी 18 टक्के वेगळा. फिक्श्चर 8,500 रुपये, एकदाच. पॅकिंग रेटमध्ये धरलं आहे. माल एक्स-वर्क्स, भाडं आपल्याकडे, टू-पे. डिलिव्हरी: पीओ व मंजूर सॅम्पल मिळाल्यापासून 21 दिवस. पेमेंट: 30 टक्के अॅडव्हान्स, बाकी माल मिळाल्यापासून 30 दिवसांत. हार्डनिंग धरलेलं नाही. रेट 18 तारखेपर्यंत लागू.’

एचएसएन म्हणजे जीएसटीसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक, फिक्श्चर म्हणजे मशिनवर जॉब पकडायचं साधन, एक्स-वर्क्स म्हणजे माल तुमच्या कारखान्यातच ताब्यात द्यायचा, टू-पे म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने भरायचं. यातली ‘हार्डनिंग धरलेलं नाही’ ही ओळ सगळ्यात मोलाची. काय दिलंय ते सगळेच लिहितात. काय दिलेलं नाही ते लिहिणाराच पुढच्या वादातून सुटतो. डिलिव्हरीचे दिवस कशापासून मोजायचे तेही असंच. नुसतं ‘21 दिवस’ लिहिलं की समोरचा मेलच्या तारखेपासून मोजतो.

पेमेंटबद्दल संकोच नको. युनिट उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेलं सूक्ष्म किंवा लघु असेल तर नोंदणी क्रमांक कोटेशनच्या खाली छापा. 2006च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यात लेखी ठरवूनसुद्धा मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. काहीच ठरलेलं नसेल तर 15 दिवस. धमकी म्हणून काही लिहायची गरज नाही, क्रमांक दिसला की समोरचं अकाउंट्स समजून घेतं.

मेलच्या विषयात ‘कोटेशन’ एवढंच नको. वस्तू, ड्रॉइंग नंबर आणि त्यांचा इन्क्वायरी नंबर घाला, कारण तो माणूस महिन्याने शोधणार आहे तो याच शब्दांनी. पीडीएफचं नावही तसंच. ‘डियर सर’ची सवय मोडा, परचेसला बाई असल्या तर पहिल्याच शब्दाला घोळ होतो. मेलखाली नाव असतंच, ते वाचा.

सरकारी कार्यालयाला, नगरपालिकेला किंवा शाळेला देताना तऱ्हा वेगळी. तिथे कोटेशनला दरपत्रक म्हणतात. लेटरहेडवर, मराठीत, त्यांच्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक संदर्भात घालून, रक्कम अंकी आणि अक्षरी, सही-शिक्का. बंद पाकीट मागितलं असेल तर दर मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर आधी फोडू नका. दरपत्रक बाद होऊ शकतं.

‘बेस्ट प्राइस द्या’ अशी मेल आली की लगेच 5 टक्के सोडणं ही नवख्याची खूण. पहिला रेट फुगवलेला होता हे त्यातून तुम्हीच कबूल करता. सूट कशाच्या तरी बदल्यात द्या: ‘अॅडव्हान्स 50 टक्के केल्यास 334 रुपये.’ काम जमत नसेल तर रिग्रेट, म्हणजे नकार, कळवा, पण त्याच दिवशी, एका ओळीच्या कारणासह. ‘600 मिमीच्या वरची लांबी आमच्या ग्राइंडिंग मशिनवर बसत नाही’ एवढं पुरे. आखूड शाफ्टची इन्क्वायरी त्याच माणसाकडून परत येते.

पीओ आली की आनंदात ‘थँक यू सर’ पाठवू नका. आधी ती कोटेशनशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडा. मागच्या पानावर बारीक अक्षरात पेमेंट 60 दिवस आणि उशिरासाठी आठवड्याला अर्धा टक्का कपात निघते. 1872च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्तावाची स्वीकृती बिनशर्त लागते. अटी बदललेली पीओ हा नवा प्रस्ताव ठरू शकतो, आणि तुम्ही काही न बोलता बार कापायला घेतला तर तुम्ही तो मान्य केला असं धरलं जाऊ शकतं. म्हणून मशिनवर जॉब चढण्याआधी उत्तर जाऊ द्या: ‘पीओ मिळाली. अट 7 व 11 आमच्या कोटेशनशी जुळत नाहीत. सुधारित पीओ मिळताच काम सुरू करतो. 21 दिवस त्या तारखेपासून धरावेत.’