फ्लिप-अप हेल्मेट घेताना आधी खटका तपासा

फ्लिप-अप हेल्मेट म्हणजे ज्याचा हनुवटीपुढचा कडक भाग (हनुवटीची पट्टी) वर उचलता येतो असं हेल्मेट. त्याचा सगळा जीव या पट्टीच्या खटक्यात, म्हणजे लॉकमध्ये असतो. दुकानातच पट्टी १०-१२ वेळा उघडझाप करून बघा. दोन्ही बाजू एकदम ‘खट्’ करून बसायला हव्यात. एक बाजू मागाहून बसत असेल तर ते हेल्मेट परत ठेवा. लॉकची पिन धातूची असलेली बरी. पण आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तिला गंज चढतो आणि खटका अर्धवट अडकतो. म्हणून मालवण-रत्नागिरीकडच्यांनी महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने मीठ पुसावं, वाळवावं आणि सिलिकॉन तेलाचा एक थेंब द्यावा. पेट्रोल, थिनर अजिबात नको, कवच कमकुवत होतं.

माप भुवयांच्या साधारण अडीच सेंटीमीटर वरून, डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून घ्या. गाल दाबले गेले तर चालतं, कपाळाला टोचलेलं नाही. १५ मिनिटं घालून बसा, मगच पैसे द्या. वजन बहुधा दीड किलोच्या पुढे असतं. कुंभार्ली घाट चढून कराडला पोचेपर्यंत मान त्याचा हिशेब मागते.

आयएसआय शिक्का हवाच. ईसीई (युरोपीय मानक) प्रमाणित हेल्मेट असेल तर आत शिवलेल्या लेबलवर ‘पी/जे’ (P/J) आहे का बघा, म्हणजे ते पट्टी बंद आणि उघडी अशा दोन्ही स्थितींत तपासलेलं असतं. नुसतं ‘पी’ असेल तर पट्टी उघडी ठेवून गाडी चालवायची नाही.

पावसाळ्यासाठी काचेला पिनलॉकच्या (आतून बसवायच्या, वाफ धरू न देणाऱ्या जादा काचेच्या) खुंट्या असलेलं मॉडेल घ्या. नाहीतर आंबा घाटातल्या धुक्यात बाहेर धुकं, आत वाफ!