कार्यालयातील उकाडा: रिमोट हाती घेण्यापूर्वी या चुका टाळा

उन्हाळा वाढला की कार्यालयात पहिला वाद रिमोटवरून होतो. एसी १८ अंशांवर असूनही खिडकीजवळचे कर्मचारी घामाघूम होतात आणि एसीच्या थेट झोतात बसलेले गारठतात. अशा वेळी आकडा आणखी खाली नेणे ही सर्वांत सार्वत्रिक आणि सर्वांत निरुपयोगी चूक आहे. ठरावीक वेगाच्या कॉम्प्रेसरचा एसी १८ वर ठेवला काय किंवा २५ वर ठेवला काय, हवा गार करण्याचा त्याचा वेग तोच राहतो. त्या आकड्यावरून त्याला केवळ कुठे थांबायचे ते कळते. इन्व्हर्टर एसी आपला वेग बदलतो हे खरे, परंतु क्षमतेच्या मर्यादेपलीकडे तोही जाऊ शकत नाही. बहुतेक कार्यालयांत २४ ते २६ अंश सेल्सिअस आणि जोडीला मंद पंखा एवढे पुरेसे असते.

खिडकीजवळच्या माणसाची तक्रार मात्र खोटी नसते. एसीचा सेन्सर हवेचे तापमान मोजतो, तर शरीराला उन्हाने तापलेल्या काचेची आणि भिंतीची धगही सोसावी लागते. डॅनिश संशोधक ओले फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विवेचनात आरामदायीपणाचे सहा घटक धरले आहेत: हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, हवेचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शारीरिक हालचाल. रिमोटवरचा आकडा यांपैकी एकाच घटकाविषयी बोलतो.

म्हणूनच ऊन आत आल्यानंतर पडदे ओढणे ही दुसरी चूक ठरते. काचेतून आत शिरलेले ऊन गडद पडदा शोषून घेतो, तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवणे सर्वांत परिणामकारक असते. ते शक्य नसेल, तर फिकट रंगाच्या किंवा ऊन परावर्तित करणाऱ्या पट्ट्या (ब्लाइंड) ऊन येण्याआधीच बंद कराव्यात. पश्चिमेच्या खिडकीवर केवळ छज्जा असून भागत नाही, कारण दुपारनंतरचे तिरपे ऊन त्याखालून सरळ टेबलापर्यंत येते.

आतल्या उष्णतेचा हिशेबही सहसा कोणी करत नाही. बसून काम करणारा माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, आणि एसीची एक टन क्षमता म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढण्याची ताकद, याचा अर्थ ३० माणसे असलेली खोली केवळ माणसांमुळेच जवळजवळ एक टन खाऊन टाकते, संगणक आणि दिवे वेगळेच. बैठकीची खोली माणसे येण्याआधी गार करावी, नंतर नव्हे.

एसी खरोखरच कमी गार करत असेल, तर दर उन्हाळ्यात ‘गॅस भरून घ्या’ हा सल्ला निमूटपणे मान्य करू नये. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, इंधनासारखा संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता पुन्हा गॅस भरणे हा निव्वळ अपव्यय आहे. त्याआधी फिल्टर पाहावा. तो धुळीने बुजला की हवेचा प्रवाह घटतो आणि आतल्या कॉइलवर बर्फही धरू शकतो. बर्फ दिसल्यास तो टोकरून काढू नये. कूलिंग बंद करून केवळ एसीचा पंखा चालू ठेवावा आणि बर्फ वितळू द्यावा. मग बाहेरचे युनिट तपासावे. शोभेसाठी जाळीत कोंडलेले किंवा खोक्यांनी वेढलेले युनिट आपणच फेकलेली गरम हवा पुन्हा ओढत राहते. युनिटमधून पाणी ठिबकत असेल, तर बहुधा निचऱ्याची नळी तुंबलेली असते.

गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून सर्व फटी बंद करणारेही भेटतात. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे गर्दीच्या बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि दुपारची सुस्ती उकाड्याच्या माथी मारली जाते. अधूनमधून थोडा वेळ खिडकी उघडणे किंवा ताज्या हवेची स्वतंत्र सोय करणे गरजेचे असते. पाण्यावर चालणारा कूलर मात्र एसीसोबत लावू नये: तो हवेत दमटपणा सोडतो आणि तोच काढण्यात एसीची शक्ती खर्च होते. कूलर एकटा वापरायचा असेल, तर कोरड्या हवेत आणि खिडक्या उघड्या ठेवूनच.

पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही. रिकाम्या खोलीत तो मोटरची उष्णताच सोडतो, म्हणून उठताना तो बंद करावा.