घरच्यांना स्टार ट्रेक दाखवायचंय? पहिल्या एपिसोडपासून सुरू करू नका

स्टार ट्रेक ही अमेरिकन अंतराळ-मालिका १९६६ ला सुरू झाली म्हणून घरच्यांनाही १९६६ पासूनच बसवायचं, ही चूक मी केलीय. सेटवरचे खोटे खडक बघून बाबा उठले ते वर्षभर परत टीव्हीसमोर आले नाहीत, आणि दोष त्यांचा नव्हताच. मूळ मालिकेचे ७९ एपिसोड, मग पुढच्या मालिका, नेक्स्ट जनरेशनचे १७८, डीप स्पेस नाइनचे १७६, वर सिनेमे, एवढं कोण बघणार? म्हणून माणूस बघून एपिसोड निवडायचा, तोही असा की त्याच्या आधीचं काही माहीत नसलं तरी चालेल.

बाबा रिटायर्ड वकील, त्यांना नेक्स्ट जनरेशनच्या दुसऱ्या सीझनचा नववा लावला, ‘द मेझर ऑफ अ मॅन’. डेटा हा यंत्रमानव, जहाजावर अधिकारी आहे, एका शास्त्रज्ञाला त्याला उघडून अभ्यास करायचाय, डेटा नाही म्हणतो, मग प्रश्न येतो की डेटा माणसासारखा स्वतंत्र की स्टारफ्लीटची, म्हणजे त्या जहाजांच्या दलाची, मालमत्ता. अख्खी सुनावणी आहे, आणि डेटाच्या विरुद्ध उभं राहायचं काम त्याचाच मित्र रायकरवर येतं, आणि तो ते मनापासून करतो कारण नाही केलं तर डेटा सुनावणीशिवायच हरणार. एकही लढाई नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता, पोहे-जलेबी खाताना बाबा रायकरची बाजू कशी मांडायला हवी होती ते आम्हाला सांगत होते!

आई-आत्यासाठी नेक्स्ट जनरेशनच्याच पाचव्या सीझनचा दुसरा, ‘डार्मोक’, आणि हा माझा सगळ्यात लाडका. एक परग्रही जमात आहे, त्यांचे शब्द ट्रान्सलेटरला कळतात पण अर्थ कुणालाच लागत नाही, कारण ते फक्त गोष्टींच्या संदर्भातून बोलतात. “शाका, जेव्हा भिंती कोसळल्या” म्हणजे हरलो, फसलं. आता ज्यांना ती गोष्टच माहीत नाही त्यांनी काय समजायचं? इथे मी पॉज केलं आणि आत्याला म्हटलं, आत्या, तू हिंदीवाल्या शेजारणीला “ध चा मा झाला” म्हटलंस तर तिला काय कळेल, आनंदीबाई आणि नारायणराव माहीत नसतील तर? किंवा आपण म्हणतो “पानिपत झालं”, त्यात तर नुसतं गावाचं नाव आहे, पण घरातल्या लहान पोरालाही कळतं की पार वाट लागली. आत्याला एका सेकंदात लागलं. इंदूरात आपण दिवसभर हिंदी बोलतो, घरात मराठी, त्यामुळे शब्द कळूनही अर्थ निसटतो म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. शेवटी पिकार्ड, म्हणजे आपल्या जहाजाचा कॅप्टन, त्या जमातीच्या जखमी कॅप्टनला गिल्गमेश या जुन्या राजाची गोष्ट सांगतो तेव्हा आत्या रडत होती.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, सबटायटल लावाच, आणि दर दहा मिनिटांनी थांबवून दोन वाक्यं मराठीत सांगा, जास्त नाही. वॉर्प ड्राइव्ह, म्हणजे जहाजाचं प्रकाशापेक्षा वेगवान इंजिन, कसं चालतं वगैरे कुणी विचारल्याशिवाय सांगू नका.

हे दोन आवडले की पाचव्याच सीझनचा पंचविसावा, ‘द इनर लाइट’, पण रात्रीच लावा आणि फोन बाजूला ठेवायला सांगा. पिकार्ड पंचवीसेक मिनिटं बेशुद्ध असतो आणि तेवढ्यात एक पूर्ण आयुष्य जगतो, बायको, मुलं, नातू, सगळं. पुढचं सांगत नाही. डीप स्पेस नाइन मला खूप आवडतं पण ते हळूहळू चढतं, पाहुण्यांसाठी नाही.

सिनेमांचं वेगळं आहे. दुसरा, म्हणजे १९८२ चा ‘रॅथ ऑफ खान’, लावायच्या आधी मूळ मालिकेतला ‘स्पेस सीड’ हा एपिसोड दाखवाच, नाहीतर खलनायक खानला कॅप्टन कर्कवर एवढा राग का आहे ते अंगाला भिडत नाही. मग तिसरा, मग चौथा, ते सलग आहेत, आणि चौथ्यात व्हेल मासे आपल्या काळात न्यायला सगळे १९८६ च्या सॅन फ्रान्सिस्कोत येतात, तो पोरांना हमखास आवडतो. पहिला, १९७९ चा, फार संथ आहे, पण आमच्या आजीने पर्सिस खंबाटासाठी पूर्ण बघितला, आपली मिस इंडिया मुंडण करून त्या जहाजावर उभी आहे हे तिला फार भारी वाटलं. ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ या नेक्स्ट जनरेशनच्या सिनेमाच्या आधी त्याच मालिकेतल्या ‘बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’चे दोन्ही भाग हवेतच.

२००९ चा सिनेमा चकचकीत आहे म्हणून लोक तिथूनच सुरू करतात, मी तो शेवटी ठेवते. त्यात म्हातारे लिओनार्ड निमॉय पुन्हा मूळ मालिकेतला स्पॉक म्हणून समोर येतात, आणि तो चेहरा तोपर्यंत घरातला झालेला असेल तरच तो सीन लागतो. आमच्याकडे तेव्हा सगळ्यात आधी बाबाच म्हणाले, अरे, हा तर आपला स्पॉक.