एस्टोनियात क्रिप्टो टोकन काढताय? या चुका टाळा

एस्टोनिया सरकार परदेशी लोकांना देतं ते ई-रेसिडेन्सीचं कार्ड हातात पडलं की बऱ्याच जणांना वाटतं, आता एस्टोनियात क्रिप्टोचा धंदा करायला आपण मोकळे. तसं अजिबात नाहीये. कार्ड म्हणजे फक्त डिजिटल ओळख, त्यावर पुण्यात बसून कंपनी रजिस्टर होते, सह्या होतात, बास. लायसन्स वेगळं, टॅक्स वेगळा, आणि तुम्ही राहताय भारतात तर क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर इथला ३० टक्के टॅक्स लागणारच.

त्याहून महागात पडणारी चूक म्हणजे "लायसन्ससकट तयार कंपनी" विकत घेणं. २०१७ च्या शेवटी एस्टोनियाने क्रिप्टो लायसन्स द्यायला सुरुवात केली तेव्हा फी फक्त ३४५ युरो होती, त्यामुळे लायसन्सं ढिगाने वाटली गेली, मग डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून गेलेल्या सुमारे २०० अब्ज युरोंचं, बऱ्याच अंशी संशयास्पद पैशाचं प्रकरण बाहेर आलं आणि सरकार खडबडून जागं झालं. २०२० मध्ये फी ३,३०० युरो झाली, शेकडो लायसन्सं रद्द झाली, २०२२ मध्ये किमान भांडवल थेट १ लाख युरोंवर गेलं, काही सेवांना अडीच लाख. ही जुनी लायसन्सं मनी लाँड्रिंगवर नजर ठेवणाऱ्या खात्याची. आता नवीन लायसन्स देतं फिनान्त्सइन्स्पेक्त्सिओन, म्हणजे एस्टोनियाची वित्तीय देखरेख संस्था, आणि जुन्यांना मुदत दिली ती १ जुलै २०२६ पर्यंतच. त्यामुळे एजंटने कागद दाखवला की आधी तो कुणी दिलाय ते बघा.

आता टोकन, म्हणजे स्वतःचं क्रिप्टो नाणं, काढणाऱ्यांचं. युरोपियन युनियनचा क्रिप्टोसाठीचा मिका (MiCA) कायदा एस्टोनियातही लागू आहे, आणि सगळ्यात जास्त घोळ व्हाइट पेपरवरून, म्हणजे टोकनची माहिती देणाऱ्या दस्तऐवजावरून होतो. साध्या, म्हणजे स्टेबलकॉइन नसलेल्या, टोकनचा व्हाइट पेपर कुणी मंजूर करत नाही, छापायच्या किमान २० कामकाजाचे दिवस आधी तो देखरेख संस्थेला फक्त कळवायचा असतो. उलट पहिल्याच पानावर लिहावं लागतं की कुठल्याही प्राधिकरणाने हा मंजूर केलेला नाही, जबाबदारी सगळी आमची. तरी लोक वेबसाइटवर "सरकारमान्य" लिहून मोकळे होतात, हे बघून खरंच चीड येते, कारण ते वाचून पैसे घालणारा माणूस साधा असतो. भाव पुढे वाढेल असंही व्हाइट पेपरमध्ये लिहिता येत नाही.

१२ महिन्यांत १० लाख युरोंच्या आत विक्री असेल तर व्हाइट पेपरमधून सूट मिळते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण "लवकरच एक्सचेंजवर येतोय" अशी एक पोस्ट टाकलीत की ती सूट गेली! तसंच एअरड्रॉप, म्हणजे टोकन फुकट वाटणं. खरंच फुकट वाटला तर नियम लागत नाहीत, पण बदल्यात ईमेल, फोन नंबर मागितला तर कायद्याच्या नजरेत तो फुकट राहत नाही, म्हणून फॉर्म बनवतानाच हे ठरवा.

स्टेबलकॉइन, म्हणजे ज्याची किंमत युरोला बांधलेली असते असा टोकन, काढायचा विचार असेल तर बँक किंवा ई-मनी संस्था असल्याशिवाय विषयच नाही.

आणि आलेले पैसे लगेच खर्च करू नका. टोकन अजून कुठे ट्रेडिंगला नसेल तर सामान्य ग्राहकाला घेतल्यापासून १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते, आणि त्याचे पैसे एकही सेंट न कापता परत द्यावे लागतात.